मापाखालची रेघ

ज्या यंत्राने ट्रेसरबाईंना नोकरीवरून घरी बसवलं, तेच यंत्र त्यांनी आपल्या पायांनी चालत जाऊन घरी आणलं. तेही भंगारातून, दोरीने बांधून, आणि वाटेत जो कोणी वळून बघेल त्याला “हो, मीच आणलंय, काही त्रास?” असं विचारत.

त्यांना ट्रेसरबाई म्हणत, कारण कालवे खात्याच्या ड्रॉइंग ऑफिसात उमेदीची सगळी वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. इंजिनियरने पेन्सिलीने काढलेलं ड्रॉइंग तलम, मेणचट कापडावर शाईने उतरवायचं. रेघ अशी ओढायच्या की तिची सुरुवात कुठे आणि शेवट कुठे, हे रेघेलाच विचारावं लागे. मग ऑफिसात संगणक आले. “बाई, आता तुमची गरज नाही,” असं तोंडाने कोणीच म्हटलं नाही. एका सकाळी त्या कामावर आल्या तर त्यांच्या टेबलावर प्रिंटर बसला होता. बाई काय समजायचं ते समजल्या, शाईच्या बाटल्या पिशवीत भरल्या आणि जिना उतरल्या. त्यानंतर त्या खात्याचं नाव निघालं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची, आणि तरी रोज संध्याकाळी फिरायला जायच्या त्या त्याच इमारतीवरून. आता याला काय म्हणणार!

तर झालं असं की कालव्यावरचा पायपूल बंद पडला. हाताने चाक फिरवून उचलायचा पूल तो. होडी आली की वर, होडी गेली की खाली. चाक आणि पूल यांना जोडणाऱ्या दोन लोखंडी दांड्या होत्या, एक या अंगाला, एक त्या अंगाला. त्यातली एक गंजून पार चाळणी झाली. खात्याने पुलाच्या दोन्ही तोंडांना अडसर घातले, आणि नुसतं पलीकडे दिसणाऱ्या दुकानात जायचं तरी लोकांना गावभर वळसा पडू लागला. नवी दांडी करायची तर ड्रॉइंग हवं. ड्रॉइंग होतं, पण रेकॉर्ड खोलीचं छत गळून गळून त्याचं पोतेरं झालं होतं. मग खात्याला जाग आली आणि ठरलं, की सगळी जुनी ड्रॉइंगं संगणकावर नव्याने काढून घ्यायची. काम एका बड्या कंपनीला जाणार हेही जवळपास ठरलेलंच होतं.

बाईंच्या कानावर हे आलं, आणि त्या तडक साहेबांच्या खोलीत शिरल्या.

“हे काम मी करते,” त्या म्हणाल्या.

साहेबांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या झिजलेल्या चपलांकडे. “बाई, शाई-कापडाचे दिवस गेले. हे कॅडवर, म्हणजे संगणकावर काढायचंय.”

“मग कॅडवर करते.”

“संगणक, मोठा स्कॅनर, चालवायला माणूस, आहे सगळं?”

“आहे.” त्यांच्याकडे यातलं काडीचंही नव्हतं.

साहेब हसले. वाईट माणूस नव्हता तो. फक्त आपल्याला कोणी कोड्यात टाकू नये एवढीच त्याची आयुष्याकडून अपेक्षा होती. “असं करा,” ते म्हणाले, “नमुन्याचं एक पान करून दाखवा. पुलाच्या दांडीचंच घ्या. जमलं तर खोलीतली सगळी ड्रॉइंगं तुमची. तुमची जुनी खोलीही रिकामी आहे, तीही उघडून देतो. पण मूळ कागद ऑफिसाबाहेर जाणार नाही, आणि कंपनीशी करार व्हायच्या आत पान माझ्या टेबलावर पाहिजे.”

गठ्ठ्यातलं सगळ्यात सडलेलं पान तेच होतं, हे दोघांनाही माहीत होतं. बाईंनी मान डोलावली आणि बाहेर पडल्या. त्यांना ती खोली हवी होती. पैसा नको होता असं नाही, पण आधी खोली. उत्तरेच्या उंच खिडक्यांची, दिवसभर एकसारख्या उजेडाची ती खोली, जिच्यातून त्यांना न सांगता उठवलं होतं. तिथे पुन्हा ताठ मानेने जाऊन बसायचं, बस्स.

घरात तीन माणसं. बाई, त्यांचा मोठा भाऊ, आणि वहिनी. बाईंनी दारात आणून उतरवलेल्या संगणकाभोवती दादाने एक प्रदक्षिणा घातली आणि निकाल दिला. “हे भंगार आहे.”

“भंगारातूनच आणलंय,” बाई म्हणाल्या.

“चालणार नाही.”

“तुझी स्कूटरही चालत नाही. तिला कोणी घराबाहेर काढलंय?”

वहिनीने मात्र बाह्या सरसावल्या. वहिनी वयाने मोठी, तरी नणंदेला ‘वन्सं’ म्हणायची आणि अहोजाहो करायची. त्यातली निम्मी थट्टा असायची. तिने फोटो स्टुडिओत वर्षानुवर्षं फोटो साफ करण्याचं काम केलं होतं. लोकांचे मुरूम, चामखिळी, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, दाढीचे खुंट, सगळं तिने संगणकावर पुसून टाकलं होतं. एकदा एका गृहस्थाच्या गालावरचा तीळ तिने असा सफाईने उडवला, की त्याच्या आईने तो फोटो आपल्या मुलाचा आहे हे मानायलाच नकार दिला. बाईंचा ऑपरेटर म्हणजे हीच.

संगणक एका बंद पडलेल्या इंटरनेटच्या दुकानातला होता. वहिनीने रंगाच्या ब्रशने त्याच्या पोटातली धूळ काढली. त्याच दुकानातल्या दुसऱ्या मेलेल्या संगणकाची मेमरी काढून याला बसवली, आणि तो एकदाचा गुरगुरत उठला. मॉनिटरच्या डाव्या अंगाला एक हिरवी उभी पट्टी कायमची मुक्कामाला होती. तिच्याशी जुळवून घ्यायचं ठरलं. कॅडचं एक फुकटातलं सॉफ्टवेअर मिळालं. स्कॅनरचा प्रश्न बाईंनी सोडवला. कपडे वाळत घालायच्या स्टँडवर दादाचा जुना कॅमेरा तोंड खाली करून बांधला, दोन बाजूंना दोन ट्यूबलाइट लावल्या, आणि कागद सपाट बसावा म्हणून कपाटाच्या दाराची काच काढून घेतली. दादाला हे कळलं तेव्हा कपाटातले कप उघडे पडले होते.

पण कॅमेरा सरळ रेघेला सरळ ठेवत नाही. पहिल्याच फोटोत टेबलाची कड जेवून उठल्यासारखी पोटात फुगलेली दिसली. तेव्हा बाईंनी एक मोठा कागद घेऊन त्यावर काटेकोर चौकटी आखल्या आणि आधी त्याचाच फोटो काढला. कुठली चौकट किती वाकडी दिसते ते एकदा कळलं, की संगणक तेवढा वाकडेपणा उलटा फिरवून काढून टाकतो. ही युक्ती वहिनीची. फोटोत प्रत्येक वेळी आडवी आणि उभी अशा दोन स्टीलच्या पट्ट्या ठेवायच्या, कारण ते जुनं कापड ओल खाऊन एका अंगाने जास्त आटतं आणि दुसऱ्या अंगाने कमी. हे शहाणपण बाईंचं. दोघी एकमेकींच्या हुशारीवर मनातून खूश होत्या आणि तोंडाने सारख्या भांडत होत्या.

बाईंचं खरं वाजलं ते माऊसशी. रेघ ओढायचीच नाही, फक्त दोन टोकं दाखवायची, आणि मधली रेघ आपोआप हजर. बाईंना तो सरळसरळ अपमान वाटला.

“मग मी काय करायचं? बघत बसायचं?”

“टोकं तुम्ही सांगायची ना वन्सं,” वहिनी म्हणाली. “टोकंच चुकली तर ती बिचारी रेघ काय करणार?”

बाई खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, “हं. दाखव परत.”

फोटो काढायच्या दिवशी दोघी कपड्यांचा स्टँड, काच, ट्यूबलाइट आणि कॅमेरा घेऊन खात्याच्या दारात उभ्या राहिल्या. पहारेकऱ्याने सांगितलं की इथे कपडे वाळत घालायला परवानगी नाही. बाईंनी त्याला असं काही पाहिलं, की त्याने दुसरं टोक स्वतःच उचललं आणि वरपर्यंत आणून दिलं. बोळात, जिन्याशेजारी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या टिंगलीत त्यांनी ते पान तुकड्यातुकड्याने टिपलं. कापड पिवळं पडलं होतं, मधोमध पाण्याचा मोठा डाग, कडेला बुरशी, आणि शाई कुठे होती, कुठे नव्हती. पान लगेच परत गठ्ठ्यात गेलं आणि खोलीला कुलूप लागलं.

घरी आल्यावर वहिनीने ते फोटो जोडले आणि साफ करायला घेतले. डाग गेला. बुरशी गेली. कीटकांनी केलेले ठिपके गेले. पान असं उजळ निघालं की दादासुद्धा येऊन म्हणाला, “हे खरंच तेच आहे?” आता संगणकाचं पोट भरलं होतं, नवी फाइल साठवायला तो कुरकुर करायला लागला. वहिनीने विचारलं, मूळचे फोटो ठेवायचे का? “कशाला तो फाफटपसारा,” बाई म्हणाल्या, “साफ केलेलं आहे ना? मूळचे टाक काढून.” वहिनीने काढून टाकले.

मग बाई बसल्या. टोक दाखवायचं, दुसरं टोक दाखवायचं. हळूहळू पडद्यावर दांडी उभी राहिली, तिची दोन भोकं, तिचे खिळे, तिची जाडी. हात बसत गेला तशा बाई गुणगुणायला लागल्या. आणि मग एका जागी अडल्या. एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंतचं माप, दांडीचं सगळ्यात महत्त्वाचं माप, पानावर अक्षरात होतं चाळीस इंच. संगणकाने रेघ मोजून सांगितलं, बेचाळीस.

बाईंनी पट्ट्या पुन्हा तपासल्या. पुन्हा बेचाळीस.

“काढणाऱ्याने आकडा चुकवलाय,” त्यांनी जाहीर केलं. “पेंगत असेल मेला. रेघ खोटं बोलत नाही.” आणि त्यांनी चाळीस पुसून बेचाळीस लिहिलं, मोठ्या तोऱ्यात.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना वहिनी आपल्या सफाईच्या आठवणींत रमली होती. “वन्सं, त्या डागापेक्षा बारीक घाणीनेच जास्त छळलं हो. एके ठिकाणी मुंगीचा पाय होता, अख्खा. आणि तुमच्या त्या चाळीसच्या खाली एक केस चिकटला होता, इतका बारीक, इतका सरळ, पण मी सोडते की काय! तोही उडवला.”

बाईंच्या हातातला कप तसाच राहिला.

“सरळ?” त्यांनी विचारलं.

“अगदी पट्टीने ओढल्यासारखा.”

“वहिनी, केस कधी सरळ असतो का गं?”

बाईंचा आवाज ऐकून वहिनीचा चेहरा उतरला. ड्रॉइंग ऑफिसातली एक रीत होती, जी बाहेर कोणालाच ठाऊक नसे. ड्रॉइंग शाईने पुरं झाल्यावर वरून बदल आला, तर सगळं कापड परत कोण काढणार? मग फक्त आकडा खरवडून नवा लिहायचा, आणि त्याच्याखाली एक बारीक रेघ मारायची. म्हणजे, आकड्यावर विश्वास ठेवा, चित्रावर नको. बाईंनी स्वतः अशा शेकडो रेघा मारल्या होत्या. आणि आता स्वच्छ पान समोर आल्यावर त्याच बाईंना चित्र खरं वाटलं होतं आणि आकडा खोटा.

“केसच असेल हो,” वहिनी पुटपुटली.

“असेल. नसेल. आता कोण सांगणार? मूळ फोटो कुठायत?”

“तुम्हीच म्हणालात काढून टाक!”

“मी म्हटलं विहिरीत उडी मार, तर मारशील?”

“माझ्या आधी तुम्हाला ढकलेन!”

दादाने हळूच पेपर उचलला आणि दुसऱ्या खोलीत गेला. मग बाई उठल्या, ऑफिसात गेल्या, आणि पान फक्त एकदा, उभ्याउभ्या बघू द्या म्हणून कारकुनाला सांगितलं. कारकून म्हणाला, किल्ली साहेबांकडे, साहेब दौऱ्यावर, परवा येतील. आणि परवाच तर पान द्यायचं होतं. बाई परत आल्या त्या लाल होऊनच.

“ऊठ,” त्या वहिनीला म्हणाल्या. “टेप घे.”

“कुठे?”

“पुलावर. कागद दाखवत नाहीत ना? नका दाखवू. दांडी तर उघड्यावर आहे!”

पुलाच्या अडसरापाशी चाकवाला बसला होता. पूल चालू होता तेव्हा चाक फिरवायचा, आता अडसराची राखण करायचा. बाईंनी अडसराखालून वाकून आत पाऊल टाकलं तेव्हा तो फक्त म्हणाला, “बाई, बंद आहे.”

“मला दिसतंय.”

“मग सांभाळून जा,” तो म्हणाला आणि स्वतःच त्यांच्यामागून आला.

गंजलेली दांडी मोजण्यात अर्थ नव्हता, हात लावला तरी पापुद्रे निघत होते. पण पलीकडच्या अंगाची दांडी धडधाकट होती. बाई कठड्यावर ओणवल्या, खाली कालव्याचं पाणी, आणि वहिनीने एका हाताने टेपचं टोक आणि दुसऱ्या हाताने नणंदेची कंबर धरली. बाईंनी माप वाचलं. पुन्हा वाचलं. मग वहिनीला वाचायला लावलं.

पावणेएकेचाळीस. चाळीसही नाही आणि बेचाळीसही नाही.

“असणारच,” चाकवाला म्हणाला. “माझ्या वडिलांच्या वेळेला पलीकडचा काठ खचला. पूल नीट टेकेना. तेव्हा फिटरने दोन्ही दांड्या इथल्या इथे मापाने नव्या करून बसवल्या. कागदाला कोणी कळवलंच नाही.”

“मग खात्याला सांगायचं नाही का, ही दुसरी दांडी मोजा म्हणून?”

“सांगितलं ना! म्हणाले, ड्रॉइंगशिवाय मोजता येत नाही.”

बाई तिथेच कठड्याला टेकून हसल्या. पोट धरून हसल्या. वहिनीलाही हसू फुटलं, आणि सकाळपासूनचं भांडण तिथे कालव्यात पडून वाहून गेलं. घरी येऊन बाईंनी बेचाळीस पुसला, चाळीस परत लिहिला, आणि त्याच्या शेजारी एक टीप घातली. ‘पुलावर प्रत्यक्ष मोजलेलं माप पावणेएकेचाळीस इंच. काठ खचल्यामुळे दांडी बदललेली आहे. नवी दांडी याच मापाने करावी.’

ठरल्या दिवशी बाईंनी छापून आणलेलं पान साहेबांनी हातात घेतलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी मूळ कापड मागवून शेजारी पसरलं. एकेक खिळा जुळत होता. बाईंची नजर मात्र एकाच जागी गेली. चाळीसच्या खाली ती रेघ होती. बारीक, सरळ, शाईची. मागे उभ्या वहिनीने जीभ चावली. बाईंनी साहेबांचं पेन उचललं आणि आपल्या पानावरही चाळीसखाली तशीच रेघ ओढली.

“उत्तम,” साहेब म्हणाले. “खरंच उत्तम. मला वाटलं नव्हतं. आता फक्त ही टीप काढून टाका.”

“का?”

“ड्रॉइंग चाळीस म्हणतंय.”

“पूल पावणेएकेचाळीस म्हणतोय.”

“मग पूल चुकला असेल.”

हे ते अगदी गंभीरपणे म्हणाले. मग बाईंचा चेहरा बघून त्यांनी दार लोटलं आणि आवाज उतरवला. “हे बघा बाई. दरवर्षी पुलाची तपासणी होते. दरवर्षी आम्ही लिहून देतो की पूल ड्रॉइंगप्रमाणे आहे. आता तुमची टीप बाहेर गेली, की पहिला प्रश्न हाच, की इतकी वर्षं मोजत काय होता? माझ्याआधीचे साहेब, त्यांच्याआधीचे साहेब, सगळे अडकतात. जुनं आहे तसं उतरवून द्यायचं, एवढंच काम आहे. एक ओळ तर काढायचीय.” आणि त्यांनी खणातून एक किल्ली काढून टेबलावर ठेवली. “उद्यापासून बसा. सगळी ड्रॉइंगं तुमची.”

बाईंना ती किल्ली घ्यावीशी वाटली. खोटं कशाला बोला, फार वाटली. हात पुढे केला की झालं. पुन्हा ती खोली, तो उजेड, आणि खालून जाणाऱ्या-येणाऱ्यांना दिसेल असं खिडकीतलं आपलं डोकं. एक ओळ तर होती. पण चाळीसची दांडी बनून आली की पुलाचं टोक काठावर टेकणार नाही, थोडं वर लटकत राहणार. आणि तिथे अडखळून जो पहिला पडेल, तो काही साहेब नसणार. कोणीतरी पिशवी घेऊन घाईने घरी निघालेलं असणार. आणि ते ड्रॉइंग ‘उत्तम’ म्हणून बाईंनी काढलेलं असणार.

“नाही काढत,” बाई म्हणाल्या.

“नीट विचार करा.”

“केला. किल्ली ठेवा. मला न सांगता बाहेर काढलंत, तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं. आज मी माझ्या पायाने बाहेर चाललेय. पण टीप राहणार.”

साहेबांचा चेहरा आंबट झाला. पण पूल बंद, लोक रोज दारात, आणि कंपनीला पान करायला आणखी वेळ लागणार. त्यांनी डोकं चालवलं. “ठीक. टीप राहू दे. पण हे पान खात्याच्या नावाने जाणार नाही. खाली लिहा, की माप तुम्ही घेतलंय आणि जबाबदारी तुमची. करा सही. दांडी चुकली आणि कोणाला काही झालं, तर आम्ही तुमचंच नाव सांगणार. आणि बाकीचं काम कंपनीला.”

त्यांना वाटलं, बाई आता बिचकतील. इतकी वर्षं बाईंनी ड्रॉइंगं काढली, पण एकावरही त्यांची सही नव्हती. काढणाऱ्या साहेबाची सही असे, तपासणाऱ्याची असे, मंजूर करणाऱ्याची असे. ट्रेसरची कोणी मागितलीच नव्हती. बाईंनी टोपण न लावलेलं ते पेन घट्ट धरलं आणि आपलं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, ठळक.

“सरका वन्सं,” मागून आवाज आला. वहिनीने पेन त्यांच्या हातातून घेतलं आणि खाली आपलंही नाव लिहिलं.

“तुम्ही कोण?” साहेबांनी विचारलं.

“साफसफाई माझी आहे. टेपचं दुसरं टोकही मीच धरलं होतं. यांना धरून नेलंत, तर घरी माझ्याशी भांडणार कोण?”

दांडी आली ती पावणेएकेचाळीसची. बसवली त्या सकाळी दोन्ही काठांवर गर्दी जमली. चाकवाल्याने चाक फिरवलं, पूल खाली आला आणि काठावर सपाट टेकला. वर नाही, खाली नाही. तो म्हणाला, सही करणाऱ्यांनी आधी जायचं. दोघी निघाल्या. पुलाच्या मध्यावर बाई थांबल्या, कारण पलीकडच्या रस्त्यावरून कंपनीची गाडी चालली होती आणि तिच्यात, ऑफिसाबाहेर कधी न जाणारे म्हणून सांगितलेले, खात्याचे सगळे गठ्ठे भरलेले होते. त्यांनी आयुष्यभर काढलेली ती कापडं होती. बाई तिथेच, सगळ्यांच्या देखत रडल्या. अश्रू पुसलेसुद्धा नाहीत. बघणाऱ्यांना वाटलं, पूल चालू झाला म्हणून रडतायत. वहिनीने कोणाचा गैरसमज दूर केला नाही. ती फक्त शेजारी उभी राहिली.

पुढचे काही दिवस बाई घरात कोणाशी धड बोलत नव्हत्या. एका दुपारी दादा संगणकासमोरच्या खुर्चीत बसून विचारत होता, की आता हे भंगार परत नेऊन टाकायचं का. तेवढ्यात दारात एक माणूस आला. दांडी ज्याच्या वर्कशॉपमध्ये घडवली, तो मालक. काखेत गुंडाळ्यांचा भारा होता, कडा कुरतडलेल्या, रंग उडालेल्या.

“त्या सही करणाऱ्या बायका इथेच राहतात का?” त्याने विचारलं.

वहिनीने मान डोलावली.

“माझ्याकडे मोठमोठ्या कंपन्यांची ड्रॉइंगं येतात,” तो म्हणाला. “प्रत्येकाच्या कोपऱ्यात छापलेलं असतं, माप जागेवर पडताळून घ्यावं, आम्ही जबाबदार नाही. तुमच्या पानावर दोन सह्या होत्या. पहिल्यांदाच न भिता लोखंड कापलं. ही जुन्या गिरणीची ड्रॉइंगं आहेत. वाचता येत नाहीत, पण यंत्रं अजून उभी आहेत. कराल?”

दादा खुर्चीतून उठला. बाईंनी वहिनीकडे पाहिलं, वहिनीने बाह्या सरसावल्याच होत्या.

“करू,” बाई म्हणाल्या. “पण आधीच सांगते. मोजायला आम्ही स्वतः येणार. जे आहे तेच काढणार. आणि खाली नाव आमचं. चालत असेल तर आत या, नाहीतर तिथूनच परत जा.”

त्याने दारातल्या पायपुसण्याला पाय पुसले आणि आत आला.